उरलेला भात उद्या

रातपाळीच्या माणसाच्या घरात दिवसा मोठ्यानं शिंकायचीही सोय नसते. दुर्गेशची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, रातपाळी असली की मी शिलाई मशीन बंद ठेवायची, कुकरची शिटी होऊ द्यायची नाही, दाराशी भाजीवाला आला तर हातानंच पुढं जा म्हणून सांगायची. बिरसीच्या विमान शाळेची लहान विमानं मात्र दिवसभर आमच्या कौलांवरून घिरट्या घालायची, त्यांना कोण सांगणार! कुणाचा तरी लाडका पोरगा वर उडायला शिकतोय आणि आमचा खाली डोळ्यांवर दुपट्टा टाकून तळमळतोय, असं म्हणत मी रोज त्या विमानांच्या सात पिढ्या उद्धरायची.

दुर्गेश गोंदियाकडच्या एका राईस मिलमध्ये बॉयलरवर आहे. उसना तांदूळ करायचा तर धान भिजवून वाफेवर उकडावं लागतं. ती वाफ बॉयलर देतो. बॉयलरच्या भट्टीत कोंडा टाकत राहायचा आणि काचेच्या नळीत पाणी किती आहे त्यावर नजर ठेवायची, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. पण नळीतलं पाणी खाली गेलं आणि नेमका तेव्हाच माणसाचा डोळा लागला, तर बॉयलर फुटतो आणि मग घरी आणायला माणूस सापडत नाही. दिवाळीनंतर धान आलं की मिल दोन पाळ्यांत चालते, एक आठवडा दिवस आणि एक आठवडा रात्र. शरीराला एका पाळीची सवय होतेय न होतेय तोच दुसरी सुरू होते.

माझे सासरे शालीकराम त्याच मिलमध्ये, त्याच बॉयलरवर होते. रातपाळीतच गेले. छातीत कळ आली म्हणून खुर्चीवर टेकले ते पुन्हा उठलेच नाहीत. मिलच्या गाडीनं त्यांना घरी आणलं तेव्हा सोबत त्यांचा डबाही आला, गाठ न सोडलेला. सासूबाईंनी, सुशीलाबाईंनी, सगळ्या गावादेखत तो डबा उघडला. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, अंबाडीची भाजी, जसं भरून दिलं होतं तसं. तोपर्यंत त्या रडल्या नव्हत्या. तो डबा बघून त्यांनी जो टाहो फोडला तो माझ्या कानातून अजून गेलेला नाही. "उपाशी गेले वं, उपाशीच गेले," एवढंच त्या म्हणत होत्या.

पुढं पितरांत त्यांच्या नावानं कौलावर पान ठेवलं, तर दिवस कलला तरी एक कावळा फिरकला नाही. त्या दिवसापासून सासूबाईंनी नवाच नेम धरला. सासरे रातपाळीला असत तेव्हा त्या दुपारी त्यांचं ताट वाढून टोपल्याखाली झाकून ठेवत, उठतील तेव्हा जेवतील म्हणून. तेच ताट त्यांनी पुन्हा सुरू केलं. दुपारी वाढायचं, झाकायचं आणि संध्याकाळी गाईला घालायचं. ओंजळभर भातानं कुणाचा जीव शांत होत असेल तर होऊ दे की, असं मी मनाशी म्हटलं.

गेल्या हिवाळ्यात ते ताट रिकामं व्हायला लागलं.

आधी मला वाटलं मांजर. पण मांजर टोपलं पुन्हा नीट झाकून जात नाही. मग वाटलं, सासूबाईच खात असतील आणि सांगायला लाजत असतील. त्यावरून मी त्यांना एकदा चिडवलंही. म्हटलं, आई, भूक लागली तं सांगा जी, चोरून कायले खाता? त्या नुसत्या हसल्या. ते हसणं मला आवडलं नाही, कारण सासरे गेल्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या.

इकडं दुर्गेशचं खाणं मात्र बिघडत चाललं होतं. रात्रीचा डबा सकाळी जसाच्या तसा परत यायचा. रात्रभर चहा, बिस्किटं आणि झोप उडवायला तंबाखू-सुपारीचा खर्रा. सकाळी घरी आला की चेहरा कोंड्याच्या राखेनं माखलेला, डोळे लाल. म्हणायचा, "आता घास उतरत नाही वं, उठल्यावर पाहू." उठल्यावर म्हणायचा, "पोट जड आहे." चहा प्यायचा आणि पुन्हा कामावर. न जेवणाऱ्या माणसानं सुकायला हवं की नाही? याचे गाल बसले, डोळ्यांखाली काळं आलं, पण पोट पुढं येत चाललं. कुठं जेवून येता, कोण घालते, असं मी भांडूनही पाहिलं. त्यानं शपथा घेतल्या. दोन वर्षांच्या संसारात खोटं बोलणारा माणूस तो नव्हे हे मला माहीत होतं, म्हणूनच जास्त राग आला.

एका दुपारी मी शेजारच्या प्रेमिलाकडं ब्लाउजचं माप घ्यायला निघाले, टेप घरीच राहिला म्हणून मागच्या दारानं परत आले. स्वयंपाकघराचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत दुर्गेश जमिनीवर बसून जेवत होता.

मी हाक मारणारच होते, पण त्याचं बसणं बघून थांबले. दुर्गेश मांडी घालून जेवतो. हा एक गुडघा उभा करून बसला होता आणि ताट डाव्या हातानं आपल्याकडं तिरपं धरलं होतं. भातात अंगठ्यानं खड्डा करून त्यात वरण घेतलेलं. शेजारी मुठीनं फोडलेला कांदा. दुर्गेशला कच्च्या कांद्याचा वासही सहन होत नाही, मी कांदा चिरायला घेतला तर तो अंगणात जाऊन उभा राहतो. असं बसणारा आणि असं जेवणारा माणूस या घरात एकच होता, आणि त्याचा हार घातलेला फोटो दुर्गेशच्या डोक्याच्या वर भिंतीवर होता.

त्याचे डोळे उघडे होते. पण ते ताटाकडं नव्हते आणि समोर बसलेल्या सासूबाईंकडंही नव्हते. सासूबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, केस विंचरले होते, डोक्यावर पदर घेतला होता. हातात भाताचा डाव.

"भात," तो म्हणाला. आवाज घशातून आल्यासारखा, जाड.

त्यांनी एक डाव वाढला. त्यानं तो खाल्ला. पुन्हा म्हणाला, "भात."

"आता उद्या," सासूबाई म्हणाल्या. एखाद्या नव्या नवरीनं बोलावं तशा बोलल्या.

त्यानं बोटं चाटली, हात ताटातच धुतला, उठला आणि माझ्या अंगाला घासून, मी दारात नाहीच अशा तऱ्हेनं, झोपायच्या खोलीत गेला. थोड्याच वेळात आतून घोरणं ऐकू आलं. मी तिथंच खाली बसले.

"आई, हे काय होय जी?"

"हळू बोल. आताच जेवून झोपले ते."

"ते कोन ते? दुर्गेश होय ना!"

सासूबाईंनी माझ्याकडं दया आल्यासारखं पाहिलं. "तुले डोरे नाहीत का वं? तू तं पायलं होतं त्यायले जेवताना."

पाहिलं होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून ते जाईपर्यंत मीच त्यांना वाढलं होतं. म्हणून तर मला नाही म्हणता आलं नाही.

त्या संध्याकाळी दुर्गेश उठल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, दुपारी झोपा काढून राहिली वाटते तू, सपने पडून राहिले. मग दुसऱ्या दिवशी मी दाराआडून मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि मोबाईल त्याच्या हातात दिला. त्यानं एकदा पाहिलं. पुन्हा पाहिलं. मोबाईल पालथा घालून ठेवला आणि तोंड पुसलं, जणू ओठांना अजून काही लागलं होतं.

"हा मी नाही," तो म्हणाला.

"मंग कोन?"

"मले कायले विचारते? बाबूजी असेच बसत."

त्यानंतर त्यानं झोपच सोडली. दिवसा पडायचा, पण डोळा लागतोय असं वाटलं की दचकून उठून बसायचा. मी जवळ बसून डोकं चेपायची. एकदा माझा हात धरून म्हणाला, "मी झोपलो का तो उठते. मंग मी झोपू कायले?" आणि रडला. मला त्याची इतकी कीव आली, आणि इतकी भीतीही वाटली, की मी त्याचा हात हळूच सोडवून घेतला. त्याची लाज मला आजही वाटते. पण माणूस किती वेळ जागा राहील? दुपार झाली की मान कलायची आणि थोड्या वेळानं स्वयंपाकघरात ताट वाजायचं.

सासूबाईंचं मात्र नवंच सुरू झालं होतं. दुर्गेशच्या दिवसपाळीच्या आठवड्यात त्या गप्प, आंबट चेहऱ्यानं फिरायच्या. रातपाळी लागायची त्याच्या आदल्या दिवशी अंबाडी निवडायला घ्यायच्या. मला कळत होतं की त्या वाट बघताहेत, आणि कुणाची तेही कळत होतं.

मग एका सकाळी दुर्गेशसोबत योगराज घरी आला. तो त्याच्याच पाळीत धानाच्या हौदांवर असतो, सासऱ्यांच्या हाताखाली शिकलेला. दुर्गेश तडक आत जाऊन पडला. योगराज बाहेरच्या छपरीत बसला.

"भाभी, आज वाचलो," तो म्हणाला. "वाफ कमी येऊन राहिली म्हणून पाहाले गेलो. हा भट्टीसमोर उभा. हातात फावडा, डोरे उघडे. मी हाका मारल्या तं वळून नाही पायलं. नळीकडं पायलं तं पानी खुणेच्या खाली. मी आग दाबली, पंप चालू केला. अजून थोडा वेळ गेला असता तं..."

मग उठता उठता म्हणाला, "मालकाले नाही सांगतलं. या बारीले नाही सांगत. अजून एक बार असं झालं तं सांगायले कोनी राहनार नाही."

त्याच दिवशी मी दुर्गेशला ओढत सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण माझ्याच वयाची. तिनं सगळं ऐकून घेतलं, हसली नाही, घाबरलीही नाही. रात्री काय खातो, चहा किती, सकाळी काय, असं विचारत गेली. मग म्हणाली, "झोपेत उठून जेवणारी माणसं असतात, बाई. त्यांना सकाळी काही आठवत नाही. हे रात्रभर चहा आणि खर्ऱ्यानं भूक दाबतात आणि सकाळी उपाशी झोपतात. माणूस झोपला तरी भूक झोपत नाही. ती शरीराला उठवते, डोकं मात्र झोपेतच राहतं. दुपारी असं जेवलं की झोप मोडते आणि संध्याकाळी भूक नसते. मग रात्री पुन्हा चहा. हा फेरा कुठंतरी तोडा. पाळी सुरू होताच डबा खायचा, उत्तररात्री चहा नाही, आणि सकाळी काहीतरी खाऊनच झोपायचं."

"आणि बसणं? कांदा?"

"बापाला जेवताना लहानपणापासून पाहिलेलं असतं. शरीर विसरत नाही." तिनं गोंदियाच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठीही दिली, फरक नाही पडला तर जा म्हणून.

मला इतकं हलकं वाटलं की येताना मी दुर्गेशला रस्त्यात भजी खाऊ घातली. त्यानं एक भजं घेतलं, चावत बसला आणि शेवटी थुंकून टाकलं. पुढचे दिवसही तसेच. मी सकाळी मऊ भात करायची, पेज करायची, हातानं भरवायची. घास तोंडात फिरत राहायचा. चूक त्याची नव्हती. दुपारी त्याच्याच तोंडानं कुणी जेवून जात असेल तर त्याला भूक लागणार कुठून?

म्हणून मी स्वयंपाकघराला कुलूप घातलं आणि चावी कमरेला खोचली.

दुपारी तो उठून आला. कडी हलवली. कुलूप हातात घेऊन तोललं. मग दारासमोर जमिनीवर बसला, एक गुडघा उभा करून, आणि वाट बघू लागला. वर विमान घिरट्या घालत होतं, बाकी सगळी आळी झोपलेली. बराच वेळ तो तसाच बसला होता. मग म्हणाला, "सुशीला, आज काहीच नाही का वं?"

आईला नावानं हाक मारणारा मुलगा मी तरी पाहिलेला नाही. सासूबाई पदर तोंडात कोंबून रडत होत्या. त्यांनी माझे पाय धरले. "दे वं चाबी. आदमी दारात बसला आहे भुका. दे." मी काही दगड नाही. चावी दिली.

त्यांनी ताट वाढलं. तो जेवला. भात मागितला, त्यांनी दिला. पुन्हा मागितला, तर "आता उद्या." मी भाताच्या गंजाचं, त्या पातेल्याचं, झाकण काढून पाहिलं. आत अर्ध्याहून जास्त भात वाफाळत होता.

तो झोपायला गेल्यावर मी विचारलं, "भात तं आहे. मंग देत काऊन नाही?"

सासूबाई ताट उचलत होत्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पोट भरलं तं कायले येतील ते? भरल्या पोटानं उठलेला आदमी आपल्या वाटेनं निघून जाते. त्यायले अर्ध्या पोटीच ठेवलं पाहिजे."

मला ते नीट कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, "म्हणजे तुमी मुद्दाम? तुमाले तुमचा आदमी पाहिजे म्हणून माहा आदमी भट्टीसमोर उभ्या उभ्या झोपून राहिला? कोन्या दिवशी बॉयलर फुटल, मंग दोघांचे फोटो लावजा भिंतीवर!"

"तोंड आवर."

"नाही आवरत."

त्या खाली बसल्या. एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या. "तुह्याजवर तुहा आदमी दिवसरात आहे," त्या म्हणाल्या. "मले एक दुपार देत नाही का? मी त्यायले डबा दिला तं त्यायनं तो खाल्ला नाही. मी रोज मनात म्हणतो, सकाळीच पोटभर घालून पाठवलं असतं तं. आता ते येऊन राहिले. आन् बाप आपल्या पोराले कसा मारल वं?"

"बाप नाही मारत. तुमी मारून राहिल्या," मी म्हणाले. मी चुकीचं बोलले असं मला आजही वाटत नाही. पण त्यांचा चेहरा बघवला नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी सासूबाई रावणवाडीला बहिणीला बघायला गेल्या. दुपारपर्यंत येतो म्हणाल्या. मी ठरवून टाकलं होतं. डॉक्टरीण म्हणते ती भूक असो की सासूबाई म्हणतात ते सासरे असोत, दोन्हींना एकच औषध दिसत होतं. मी घरातला सगळ्यात मोठा गंज चढवला. लाखोरीचं वरण केलं, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा, कांदे फोडून ठेवले. ताट वाढलं आणि समोर बसले. भीतीनं माझे दात वाजत होते, ते मी पदरानं दाबून धरले.

तो आला. बसला. ताट तिरपं केलं. मी वाढत गेले. भात म्हणाला की भात, वरण म्हणाला की वरण. तो घाईनं जेवत नव्हता. खूप दिवसांनी निवांत जेवायला मिळालेल्या माणसासारखा जेवत होता. गंज खाली खाली जात होता आणि मला कळेना, एका माणसाच्या पोटात एवढं मावतं कसं.

मागं चपलांचा आवाज झाला. सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात पिशवी. त्यांनी ताट पाहिलं, गंज पाहिला आणि काय चाललंय ते त्यांना क्षणात कळलं. पिशवी टाकून त्या पुढं आल्या आणि त्यांनी माझ्या हातातला डाव धरला. मी सोडेना, त्या सोडेनात. आवाज करायची दोघींचीही हिंमत नव्हती. आम्ही दोघी त्या डावाला धरून तशाच उभ्या होतो, आणि तेवढ्यात तो बोलला.

"दुर्गेश झोपला का?"

तो आतल्या खोलीच्या दाराकडं मान करून बसला होता. तिथलं अंथरूण रिकामं होतं.

सासूबाई कशाबशा म्हणाल्या, "हो जी. झोपला."

"झोपू दे त्याले," तो म्हणाला. "लय थकून राहिला पोट्टा. उठवू नोको." मग ताटाकडं वळला. "भात आहे का वं अजून?"

डावावरची सासूबाईंची पकड सैल झाली नाही. उलट त्यांनी डाव माझ्या हातातून ओढून घेतला. मला वाटलं, आता म्हणतील उद्या. मी डोळे मिटून घेतले. गंजाच्या बुडाला डाव घासल्याचा आवाज आला. डोळे उघडले तर सासूबाई शेवटचा भात खरवडून त्याच्या ताटात वाढत होत्या. त्यावर वरण घातलं. वरणात तुपाची धार सोडली. सगळं त्यांनी एका हातानं केलं. दुसऱ्या हातानं पदर सावरून धरला होता.

तो सगळं जेवला. ताटात एक शीत ठेवलं नाही. पाणी प्यायला. ढेकर दिली.

"भरलं पोट, सुशीला," तो म्हणाला.

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "आता जा तुमी."

तो उठून आत गेला. सासूबाई तिथंच बसून राहिल्या, दिवेलागणीपर्यंत. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी मला हाकललं नाही.

दुसऱ्या सकाळी दुर्गेश मिलमधून आला, हातपाय धुतले आणि छपरीत बसून म्हणाला, "अल्का, लय भूक लागली वं. काही आहे का?" मी आत पळत गेले ते रडू लपवायला. त्यानं मांडी घालून दोन भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली आणि संध्याकाळपर्यंत असा झोपला की मी दोनदा नाकाशी हात धरून पाहिला. स्वयंपाकघरात कुणी आलं नाही. पुढंही कधी आलं नाही. डॉक्टरणीला सांगितलं तर ती म्हणाली, बघा, पोट भरून झोपला की झालं. योगराजनं मालकाला पटवून पाळी महिन्यानं बदलायची सोय करून घेतली. आता दुर्गेश पाळीवर गेला की आधी डबा खातो, मग भट्टीकडं वळतो. रंग परतला आहे, पोट उतरलं आहे. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं.

सासूबाईंनी थोडे दिवस टोपल्याखाली ताट ठेवलं. भात वाळून कडक व्हायचा. मग एक दिवस त्यांनी आपणच टोपलं धुऊन उन्हात पालथं घातलं आणि ताट बंद केलं. माझ्याशी त्या पूर्वीपेक्षा गोड वागायला लागल्या. प्रेमिलासुद्धा म्हणाली, सासूसुनेचं बरं जमून राहिलं आता.

मला कळायला उशीर झाला, कारण मी दुर्गेशच्याच ताटाकडं बघत होते. एका दुपारी तिघं जेवत असताना माझं लक्ष गेलं. सासूबाईंनी वाढलेल्या भाताचा बरोबर अर्धा भाग खाल्ला, अर्धा बाजूला सारला आणि उठल्या. रात्री तेच. दुसऱ्या दिवशी तेच.

"तब्येत बरी नाही का जी?" मी विचारलं.

"बरी आहे."

"मंग भूक नाही लागत का?"

"लागते ना. लय लागते," त्या शांतपणे म्हणाल्या. "पर कोन्या दिवशी वरून बलावणं येईल, कोनाले मालूम? त्या दिवशी पोट भरलेलं नको. म्हणून रोजच अर्धी उठतो."

दुर्गेश आत झोपला होता. त्या त्याच्या दाराकडं बघत होत्या, आणि मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. प्रेमानंच पाहिलं, ते मी नाकारत नाही. "तुह्या हातचा भात चांगला होते वं," त्या म्हणाल्या. "तू घालशील मले. तू नाही म्हणनार नाही."

तेव्हापासून मी त्यांच्या मागं लागून असते. एक घास घ्या, अर्धा घ्या, माझी शपथ आहे. गोड करते, तळण करते, त्यांच्या आवडीची पोपटाच्या शेंगांची भाजी करते. त्या अर्ध्यावर हात थांबवतात आणि हसतात. सासूनं शंभर वर्षं जगावं म्हणून सकाळ संध्याकाळ देवाला हात जोडणारी सून या गावात माझ्याशिवाय दुसरी नसेल.